ओरिजिनल नसलेली रॅले

नऊ फ्रेम्स, तेवीस चाकं, अकरा सीट, हॅन्डल्सचा एक ढीग, आणि डालडापासून बोर्नव्हिटापर्यंतच्या यच्चयावत डब्यांमध्ये भरलेले छर्रे, कप, कोन, कॉटर पिना, नट आणि वायसर. माझ्या मामाने साठ वर्षांत जमवलेल्या सायकलींच्या संसाराची ही मोजदाद. नारायण पेठेतला वाडा आता बिल्डरकडे चाललाय. मामा-मामी कोथरूडला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाणार, आणि तिथे मामीने एकच सायकल आणायची परवानगी दिलेली आहे. एक म्हणजे एकच! त्यामुळे गेले चार रविवार मी आणि मामा वर्गीकरण करत बसलोय.

मंडळी, मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. दुसऱ्या कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला कोड साफ करणं हा आमचा रोजचा धंदा. त्यामुळे मला वाटलं होतं की यात काय एवढं? एक्सेल शीट करू, तीन रकाने पाडू: ठेवायचं, द्यायचं, भंगारात घालायचं. झालं काम. पण दुसऱ्या रविवारी एक संग्राहक येऊन गेले आणि सगळा प्रश्नच बदलला.

या गृहस्थांना आजोबांची रॅले हवी आहे. १९३८ सालच्या पावतीसकट आहे म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. किंमतही चांगली सांगितली. अट एकच. "साहेब, ओरिजिनल करून द्या. हे लुधियानाचे पायडल, ही देशी रिम, हे मडगार्ड काढून टाका. तुमच्याकडे एवढे जुने पार्ट पडलेत, त्यातून एक अस्सल इंग्लिश रॅले सहज उभी राहील."

खरंच राहील. सामान आहे. पण तसं करावं का? मामा आणि मी यावर दोन रविवार बोलतोय, आणि त्या निमित्ताने सायकलच्या एकेका भागाचा जो इतिहास हाताला लागला तो तुम्हालाही सांगावा म्हणून हा लेख.

आधी एक साधा प्रश्न. १९३८ सालच्या इंग्लिश सायकलला १९७५ सालचं लुधियानाचं पायडल बसतंच कसं? माझ्या घरात पाच वर्षांपूर्वीच्या फोनचा चार्जर आजच्या फोनला चालत नाही. इथे मध्ये सदतीस वर्षं गेली, एक महायुद्ध झालं, देश स्वतंत्र झाला आणि त्याची फाळणीही झाली, तरी पायडल गपचूप फिरून बसतं. डावं पायडल उलट्या आट्याचं (नाहीतर चालवता चालवता ते सुटून येईल) आणि उजवं सरळ आट्याचं, हेसुद्धा तेव्हापासून आजपर्यंत तसंच.

याचं उत्तर इंग्लंडमध्ये आहे. आज आपण जिला सायकल म्हणतो, म्हणजे दोन जवळपास सारखी चाकं आणि चेनने फिरणारं मागचं चाक, तो घाट कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीच्या 'रोव्हर'ने १८८५ मध्ये पक्का केला. त्याला लागणारी रोलर चेन मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने १८८० सालीच काढली होती. हवेचा टायर डनलॉपने बेलफास्टला १८८८ मध्ये आणला. पुढच्या दहा-बारा वर्षांत शेकडो कारखाने निघाले आणि प्रत्येकाचे आटे वेगळे! मग 'सायकल इंजिनिअर्स इन्स्टिट्यूट' नावाच्या संस्थेने १९०२ साली सायकलच्या आट्यांचं प्रमाण ठरवलं. आट्याचा कोन ६० अंश. इतर ब्रिटिश यंत्रांमध्ये तेव्हा व्हिटवर्थचा ५५ अंशांचा आटा चालायचा, त्यामुळे सायकलचं हे वेगळंच गोत्र झालं.

यात मोठा वाटा बीएसएचा. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. नाव ऐकूनच कळेल की ही मुळात बंदुका करणारी मंडळी. एकाच मापाचे हजारो भाग करायचे आणि कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीत बसला पाहिजे, ही शिस्त त्यांच्या हाडात होती. तीच त्यांनी सायकलच्या भागांत आणली. त्यांचा बिल्ला म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. मामाच्या डब्यात असे दोन बिल्ले निघाले. गंमत म्हणजे आजच्या लाखभर रुपयांच्या सायकलींमध्येसुद्धा पायडलच्या आसाच्या कपांना जो आटा असतो, त्याच्या एका प्रकाराला 'बीएसए'च म्हणतात. आमच्या धंद्यात याला बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात आणि तिच्या नावाने बोटं मोडतात. इथे मात्र शंभर वर्षं तिने गरिबाची सायकल चालती ठेवली.

आपल्याकडे सायकल आली तीही लवकरच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भाऊ रामूअण्णांच्या साथीने बेळगावात सायकलचं दुकान काढलं ते १८८८ साली, म्हणजे डनलॉपच्या टायरच्याच वर्षी. पुढे कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी, हा सगळा पसारा त्या दुकानानंतरचा. मराठी माणसाच्या यंत्रउद्योगाचा पहिला धडा सायकलीच्या हबमध्ये हात घालून गिरवला गेला, असं म्हणायला हरकत नाही.

असो. आता आजोबांच्या रॅलेकडे येऊ. रॅले ही नॉटिंगहॅमची कंपनी. तिथल्या रॅले स्ट्रीटवर चाललेला एक छोटा कारखाना फ्रँक बोडेन यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस घेतला आणि वाढवला. मागची सगळी रंगरंगोटी उडाली तरी या कंपनीची सायकल ओळखता येते. पुढच्या मोठ्या दातेरी चाकात तीन बगळ्यांची डोकी कापलेली असतात. आमच्या रॅलेच्या चक्रातले तिन्ही बगळे शाबूत आहेत. फ्रेम, चिमटा आणि हे बगळ्यांचं चक्र एवढं नक्की १९३८ सालचं.

मागचा हब मात्र नाही! हबवरची वंगणाची पुटं मामाने रॉकेलने धुतली आणि भिंगाखाली आकडे दिसले: एडब्ल्यू, ५४, ३. हा स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब. हबच्या पोटात सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी छोटी दातेरी चाकं असतात. मधला गिअर सरळ, खालचा त्याच्यापेक्षा पाव हिश्शाने हलका, वरचा एक-तृतीयांशाने जड. हा एडब्ल्यू नमुना १९३६ साली निघाला. आणि कंपनीची चांगली सवय अशी की हबवर सालाचे शेवटचे दोन आकडे आणि महिना ठोकलेला असायचा. म्हणजे हा हब मार्च १९५४ चा. सायकलपेक्षा सोळा वर्षांनी धाकटा.

मामाने लगेच वही काढली. हो, वही! बँकांच्या जुन्या डायऱ्या, एकूण सात. कुठल्या सायकलीचं काय कधी बदललं ते सगळं आधी आजोबांच्या आणि मग मामाच्या हस्ताक्षरात. आमच्या भाषेत सांगायचं तर अख्खा चेंजलॉग. १९५५ च्या दिवाळीत आजोबांनी तीन गिअरचं चाक बसवून घेतल्याची नोंद सापडली. मामा पुढे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागला आणि वाकडेवाडीवरून समोरच्या वाऱ्यात हाच खालचा गिअर टाकून जात राहिला.

मग मी संग्राहकांचा मुद्दा पुन्हा काढला. मामा म्हणाला, "अरे, ओरिजिनल म्हणजे कुठल्या सालची ओरिजिनल? ३८ ची की ५५ ची?"

बघा, यात मेख आहे.

१९३८ ची करायची तर आजोबांनी स्वतः हौसेने बसवलेला हब काढावा लागेल. तोही नॉटिंगहॅमचाच, पण "चुकीच्या सालचा". ५५ ची करायची तर त्यानंतरचं सगळं उपटावं लागेल. आणि नंतरचं सगळं म्हणजे काय, तर बहुतेक स्वतंत्र भारत!

कसा ते सांगतो. रॅलेची पुढची-मागची दोन्ही रिम देशी आहे आणि वहीत तारीख आहे: १४-८-६१. बरोबर एक महिना दोन दिवस आधी, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं धरण फुटलं होतं. नारायण पेठ पाण्याखाली गेली. रॅले वाड्याच्या तळमजल्यावर बांधून ठेवली होती म्हणून वाहून गेली नाही, पण चिखलात पुरली गेली. ब्रूक्सचं चामड्याचं सीट भिजून पातेल्याच्या आकाराचं झालं. रिम गंजल्या. ओळ एवढीच आहे: "दोन्ही रिम बदलल्या. तारा मागे ४०, पुढे ३२." चाळीस आणि बत्तीस ही पद्धतही इंग्लंडचीच, मागे वजन जास्त म्हणून तारा जास्त. पण त्या तारा आणि रिम आता इंग्लंडहून येत नव्हत्या.

का नव्हत्या? कारण मधल्या वीस वर्षांत सायकलचा नकाशाच बदलला. टायरच्या बाबतीत सुरुवात आधीच झाली होती. डनलॉपने हुगळीकाठी साहागंजला १९३६ साली कारखाना टाकला होता. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती (तिथल्या रस्त्याचं नाव आजही हिंद सायकल मार्ग आहे). १९४९ मध्ये मद्रासला मुरुगप्पा घराण्याने ब्रिटिश ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर टीआय सायकल्स काढली आणि हर्क्युलिस, बीएसए ही नावं भारतीय झाली. आसनसोलला सेन-रॅले निघाली, थेट नॉटिंगहॅमच्या रॅलेशी हातमिळवणी करून. १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस. स्वतंत्र देशाने परकीय चलन वाचवायला आयातीवर बंधनं घातली आणि बाहेरची सायकल हळूहळू दुर्मिळ झाली.

आणि लुधियाना! आज पाकिस्तानात असलेल्या कमालियाहून आलेले मुंजाल बंधू आधी अमृतसर आणि मग लुधियानाला सायकलच्या सुट्या भागांचा धंदा करत होते. मग ते स्वतः चिमटे, हॅन्डल असे भाग बनवायला लागले आणि १९५६ मध्ये त्यांना वर्षाला ७,५०० सायकली बनवायचा परवाना मिळाला. हीच हिरो सायकल. पुढे तीस वर्षांत, १९८६ साली, ती जगातली सगळ्यात मोठी सायकल कंपनी म्हणून गिनेस बुकात गेली. तिच्या आजूबाजूला छोट्या छोट्या कारखान्यांचं अख्खं शहर उभं राहिलं. कुणी फक्त पायडल करतो, कुणी फक्त फ्री-व्हील, कुणी नुसत्या कॉटर पिना. हे शक्य झालं ते मापं एक होती म्हणून. पायडल करणाऱ्याला ते कुठल्या सायकलीला लागणार हे माहीत असायची गरजच नव्हती. १९४७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय मानक संस्थेने पुढे सायकलच्या वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळी मानकं छापली. मापं मात्र बरीचशी तीच, जुन्या बर्मिंगहॅमची.

म्हणजे आजोबांच्या रॅलेला लागलेलं लुधियानाचं पायडल ही भेसळ नाही. तो आयात धोरणाचा, परवान्यांचा आणि फाळणीनंतर नव्याने दुकान मांडणाऱ्या माणसांचा शिक्का आहे. तो काढून तिथे इंग्लिश पायडल लावलं तर सायकल देखणी होईल, आणि साठ-सत्तर वर्षांबद्दल खोटं बोलायला लागेल.

आता तुम्ही विचाराल की सगळं जर सगळ्याला बसतं आणि समोरच्या दुकानात मिळतं, तर मामाने माळाभर सामान जमवलं कशाला? मीही हेच विचारलं. उत्तर म्हणून त्याने एक पिवळा डबा पुढे केला. त्यात फक्त पायडलच्या आसाचे कप. बाकीच्या दुनियेच्या कपांना एका इंचात २४ आटे. रॅलेच्या कपांना २६! नॉटिंगहॅमवाल्यांनी आपला हेका सोडला नव्हता. डोळ्याला फरक दिसत नाही, पण एक-दीड फेरा जातो आणि अडकतो. जोर लावला तर फ्रेमचे आटे खलास, म्हणजे सायकलच खलास. १९६० च्या दशकात मामाला हे कप कुठल्या दुकानात मिळेनात. मग तो जुन्या बाजारात मेलेल्या रॅले शोधायला लागला. एका कपासाठी अख्खी सायकल विकत घ्यायची. कप काढायचा, बाकीचं माळ्यावर. नऊ फ्रेम्सपैकी पाच अशा आल्या. लोक म्हणत मामाला सायकलचं वेड आहे. खरं कारण एका इंचातले दोन जास्तीचे आटे!

मला हे फार ओळखीचं वाटलं. आमच्याकडेही एखादी जुनी लायब्ररी बाकीच्या सगळ्यांशी जुळत नाही म्हणून तिच्यासाठी अख्खा जुना सर्व्हर जिवंत ठेवलेला असतो.

डब्यांच्या तळाशी नगरपालिकेच्या सायकल कराचे बिल्ले निघाले. दरवर्षी कर भरायचा आणि बिल्ला सायकलला लावायचा. शिवाय रॉकेलचा एक दिवा आणि दोन डायनामो. अंधार पडल्यावर बिनदिव्याचं किंवा डबलसीट सापडलं की पोलीस चाकातली हवा सोडून द्यायचा, ही आठवण जुन्या पुणेकरांपैकी कुणालाही विचारा. आणि एका डब्यात चक्क लूनाचं पायडल! कायनेटिकची लूना १९७२ मध्ये पुण्यातच जन्मली. ती पायडल असलेली, म्हणजे अर्धी सायकलच होती. चेतकही त्याच वर्षीचा. मामाच्या वहीतल्या नोंदी सत्तरीच्या दशकाच्या शेवटी विरळ होत जातात, कारण मामीसाठी लूना आली होती. सायकलींचं पुणं कसं संपलं याचं हे आमच्या घरापुरतं उत्तर.

ज्यांनी हे भाग बनवले त्यांचंही बघा. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही आजारी कंपन्यांचं १९८० मध्ये एकाच कायद्याने राष्ट्रीयीकरण झालं. आज त्यांच्या सायकली बाजारात नाहीत. स्टर्मी-आर्चरचा नॉटिंगहॅमचा कारखाना २००० मध्ये बंद पडला आणि नाव तैवानच्या कंपनीकडे गेलं. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला तो ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. कारखाने गेले, मापं उरली. अर्धा इंची चेन आजही अर्धा इंचीच आहे.

तर निर्णय असा झाला.

जे आजही कुठल्यातरी चालत्या सायकलला बसतं ते माळ्यावर ठेवायचं नाही. पायडल, छर्रे, कॉटर पिना, रॉड ब्रेकच्या दांड्या, २८ बाय दीडची सरळ चाकं हे सगळं पेठेतल्या पंक्चरवाल्या काकांना दिलं. त्यांच्याकडे दूधवाले आणि पेपरवाले अजून काळ्या सायकली घेऊन येतात. या भागांचा गुण एकच, बसणं. ते काचेच्या कपाटात ठेवले तर तो गुणच वाया जातो. चार फ्रेम्स संग्राहकांना दिल्या. त्यांनी त्या हव्या तशा नव्या कराव्यात, त्यांच्या वह्या आमच्याकडे नाहीतच. २६ आट्यांच्या कपांचा पिवळा डबा मात्र कुणालाच नाही. वाकलेल्या रिम, फुटलेले हब आणि राहिलेल्या पाच फ्रेम्सपैकी सडलेल्या चार भंगारात गेल्या. त्यातल्या एकीच्या सीटच्या नळीतून वाळलेल्या चिखलाचा लांबुळका गोळा पडला. मामाने तो दोन मिनिटं हातात धरला आणि कुंडीत टाकला.

आणि पाचवी फ्रेम, म्हणजे रॅले, आहे तशी कोथरूडला जाणार. ३८ ची फ्रेम, ५४ चा हब, ६१ च्या रिम, लुधियानाची पायडलं, कुठलंतरी देशी सीट, आणि सात डायऱ्या. संग्राहकांनी फोनवर पुन्हा विचारलं, किंमत थोडी वाढवलीसुद्धा. मामा त्यांना एवढंच म्हणाला, "अहो, ती ओरिजिनलच आहे. तिच्यावर जे जे झालं ते सगळं ओरिजिनल आहे."

तुमच्याही माळ्यावर किंवा जिन्याखाली एखादी काळी सायकल असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी दहा मिनिटं काढा. मागच्या हबवर आकडे ठोकलेत का बघा. पुढच्या चक्रात काय कापलंय ते बघा: बगळे, अक्षरं की नुसती भोकं. पुढच्या नळीवर बिल्ल्याची किंवा त्याच्या रिव्हेटांची खूण असेल. कुठले भाग एकमेकांशी जुळत नाहीत ते लिहून काढा, कारण इतिहास बहुतेक तिथेच असतो. आणि घरात कुणी ती चालवलेलं माणूस असेल तर कधी काय बदललं ते त्याला आत्ताच विचारून घ्या. पार्ट काय, कधीतरी कुठेतरी मिळतात. वही मिळत नाही.